दोन वह्यांतील एक आकडा

एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहून ठेवली तर ती अधिक खरी होते की अधिक संशयास्पद? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. किराणा दुकानदाराची खातेवही आणि गिऱ्हाइकाच्या खिशातील छोटी वही यांतील उधारीचा आकडा जुळला म्हणजे दोघेही सुखाने झोपतात. तो निराळा निघाला म्हणजे भांडण उभे राहते. परंतु त्या दोन वह्यांपैकी मूळ कोणती, असे विचारले तर दोघांची उत्तरे आधीच ठरलेली असतात.

हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत तो संगणकशास्त्राच्या एका कोपऱ्यातून उचलून. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुलेमुली आता पुण्यात, मुंबईत, बंगळुरात संगणकावर पोट भरतात. ती दिवसभर नेमके काय करतात हे त्यांच्या आईवडिलांना सांगता येत नाही, आणि मुलांनी सांगण्याचा प्रयत्न केला तरी फारसे उमगत नाही. म्हणून थोडी पूर्वपीठिका देणे भाग आहे.

संगणकाला द्यावयाच्या आज्ञांच्या मालिकेला प्रोग्रॅम म्हणतात. आज्ञा पाळताना संगणकाला काही आकडे ध्यानात ठेवावे लागतात. ज्या कप्प्यात असा आकडा ठेवला जातो त्याला व्हेरिएबल असे नाव आहे. काही कप्पे एकाच कामापुरते, घरातील फडताळासारखे असतात. काही मात्र साऱ्या प्रोग्रॅमला खुले असतात; ते ग्लोबल व्हेरिएबल. ग्लोबल व्हेरिएबल म्हणजे चावडीवरचा फळा होय. येणाराजाणारा तो वाचतो, आणि खरी मेख इथेच आहे की, येणाराजाणारा तो पुसून त्यावर नवे लिहूही शकतो.

प्रोग्रॅममधील चुकीला इंग्रजीत किडा म्हणतात. १९४७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका संगणकयंत्रात खरोखरीचा पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. शब्द मात्र त्याहून जुना. असे किडे शोधणारा जो प्रोग्रॅम, तो डीबगर. तो दुसऱ्या चालत्या प्रोग्रॅमला मध्येच थांबवतो, त्याचे कप्पे उघडून आतले आकडे पाहतो, त्याला एकेक पाऊल टाकायला लावतो. संत इग्नाती लोयोला यांचे ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक १५४८ साली छापले गेले. त्यात विवेकबुद्धीच्या तपासणीची जी रीत सांगितली आहे, ती याहून फार वेगळी नाही. दुपारी एकदा व रात्री एकदा थांबावे, एका विशिष्ट दोषापुरते स्वतःला तपासावे, जितक्या वेळा तो घडला तितके ठिपके रेघेवर मांडावेत, आणि आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहावी. साधकाच्या हाती संतांनी चक्क एक हिशेबाची वही दिली आहे.

सध्या सर्वत्र वापरात असलेल्या डीबगरांपैकी जीडीबी नावाचा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिला. त्याचा मजकूर कोणीही वाचावा व सुधारावा अशी मोकळीक आहे. या डीबगरच्या परिभाषेत, ज्या प्रोग्रॅमची तपासणी चालू आहे त्याला ‘इन्फिरिअर’, म्हणजे कनिष्ठ, असे म्हणतात. त्यात कोणाचा अपमान नाही, ती केवळ संज्ञा आहे. तरी ती वाचून आम्हांस हसू आले. तपासणाऱ्याला तपासला जाणारा आपोआप खालचा वाटू लागतो, हे पापनिवेदनाच्या आसनावर बसणाऱ्यांना, शाळा तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असते.

गंमत पुढेच आहे. दुसऱ्यांचे दोष शोधणाऱ्या या तपासनिसाच्या स्वतःच्या घरात एक जुना दोष होता. जीडीबीचे दोन भाग आहेत. थोरला भाग प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या संगणकावर चालतो. जीडीबीसर्व्हर नावाचा धाकटा भाग दूरच्या, पुष्कळदा लहानशा यंत्रावर बसून तिथल्या प्रोग्रॅमवर नजर ठेवतो. दोघांचे बरेचसे काम सारखे. त्यामुळे वर्षानुवर्षे तोच मजकूर दोन्हीकडे वेगवेगळा लिहिला गेला. त्याच अर्थाचे खुले कप्पे इकडेही होते आणि तिकडेही. एकीकडे केलेली दुरुस्ती दुसरीकडे पोचेलच असे नसे. पुढे तो समान मजकूर वेचून एका सामाईक विभागात आणण्याचे काम सुरू झाले. ते एका दिवसात झाले नाही. अनेक हातांनी, कित्येक वर्षे, एकेक कप्पा हलवीत ते झाले, आणि २०१९-२० च्या सुमारास त्या विभागाला जीडीबीसपोर्ट हे नाव व स्वतंत्र जागा मिळाली. बाहेरून दिसणारे वर्तन तसेच ठेवून आतील मांडणी सुधारण्याच्या अशा कामाला रिफॅक्टरिंग म्हणतात. हे काम नीट पार पडले तर वापरणाऱ्याला काहीच कळत नाही, म्हणून त्याची वाहवाही होत नाही. देवळाची घंटा नवी आणली तर तिचा आशीर्वादविधी होतो. छपराचे वासे बदलले तर क्वचितच कोणी मान वर करून पाहतो.

आता बीड जिल्ह्याकडे वळू. इथल्या वाचकांना दोन वह्यांची गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून माणसांनी भरलेल्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ऊसतोडीला जाणारे नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो; दोन जिवांना एका हत्याराचे नाव देणाऱ्या भाषेबद्दल कधीतरी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. हंगामापूर्वी मुकादम कोयत्याला ‘उचल’ देतो. ती उचल तोडलेल्या उसाच्या टनांनी फेडायची असते. उसाचे वजन कारखान्याच्या काट्यावर होते, पावती निघते, कामावर न गेलेल्या दिवसांचे ‘खाडे’ कापले जातात, आणि चैत्राच्या सुमारास हिशेब होतो: उचल फिटली, की काही अंगावर राहिली. अंगावर राहिली तर पुढच्या दिवाळीची गाडी त्याच मुकादमाची.

हा आकडा कुठे कुठे लिहिलेला असतो? मुकादमाच्या वहीत असतो. कारखान्याच्या कागदांत त्याचा काही भाग असतो. तोडणाऱ्याच्या हाती बहुधा काहीच नसते. असली तर त्याची स्मरणशक्ती, किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीने वहीच्या मागच्या पानावर केलेल्या नोंदी. दोन्ही आकडे जुळले नाहीत म्हणजे खरा कोणता, हे आधीच ठरलेले असते.

इथे एक पेच उभा राहतो, आणि तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. संगणकाची मंडळी सांगतील की, दुहेरी नोंद हा दोष आहे. नोंद एकाच जागी आणा. पण मुकादमाची वही ही आजच एकमेव नोंद आहे. दुसरी वही नाही, म्हणून तर अन्याय आहे. म्हणजे नोंद एक असणे हा स्वतःहून सद्गुण नव्हे. ती कोणाच्या हातात आहे आणि कोणाला उघडून वाचता येते, हे पाहिल्याशिवाय एकीचे गोडवे गाणे धोक्याचे आहे. ‘एक’ आणि ‘सामाईक’ हे दोन शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. एक वही मुकादमाचीही असते. सामाईक वही दोघांनी वाचायची असते आणि कोणा एकट्याने खोडायची नसते.

चांगले प्रोग्रॅमर हीच काळजी घेतात, असे दिसते. दोन फळ्यांचा एक फळा केला म्हणून ते थांबत नाहीत. त्या एका फळ्यावर वाटेल त्याने थेट लिहू नये, लिहिणाऱ्याने एका ठरलेल्या दारातूनच यावे, म्हणजे कोणी केव्हा काय बदलले ते सापडेल, अशी व्यवस्था ते करतात. वाचण्याची मोकळीक सर्वांना, लिहिण्याची रीत ठरलेली.

विखुरलेल्या नोंदींनी किती भयंकर गोष्ट झाकली जाते, याचे उदाहरणही याच जिल्ह्यात घडले. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात आहेत, अशी कुजबुज बरीच वर्षे होती. प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात होतीच. पण ती त्या दवाखान्यापुरती. २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, जिल्ह्यात घरोघर पाहणी झाली, आणि पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. एकेका नोंदीत तो एक आजार होता. सर्व नोंदी एकत्र वाचल्या तेव्हा ते पाप दिसले. आम्ही पाप हा शब्द तोलून वापरीत आहोत. ते एका डॉक्टरचे, एका मुकादमाचे किंवा एका नवऱ्याचे म्हणून संपत नाही. पाळीच्या दिवसांचा खाडा परवडत नाही अशी ज्या कामाची रचना, त्या रचनेतच ते मुरलेले आहे.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाचा विचार केला आहे काय? केला आहे, आणि फार जुन्या काळापासून. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मग्रामाच्या धर्मगुरूने विवाहांची नोंदवही ठेवावी असा नियम केला. नोंदवह्या झाल्या, पण माणसे एका गावी राहत नाहीत. स्नानसंस्कार एका धर्मग्रामात, लग्न दुसऱ्यात. पहिली बायको हयात असताना दूरच्या गावी अविवाहित म्हणून उभा राहणारा मनुष्य कसा ओळखावा? १९०७ साली ‘ने तेमेरे’ या हुकुमाने उपाय केला: विवाह कुठेही लागो, त्याची नोंद स्नानसंस्काराच्या मूळ नोंदीशेजारी झालीच पाहिजे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ५३५ व्या नियमाने दृढीकरण, विवाह, धर्मगुरुपद, कायमचे व्रतबंधन अशा साऱ्या गोष्टी तिथेच लिहावयास सांगितल्या आहेत. म्हणूनच लग्न ठरले की, जुना पिवळा दाखला घरात असतानाही, फादर नवा दाखला आणायला सांगतात. कित्येक कुटुंबांना हा निव्वळ त्रास वाटतो. परंतु हातातला कागद ही त्या दिवशीची प्रत आहे. जिवंत नोंद मूळ वहीत आहे आणि तिच्या समासात मधल्या वर्षांत काय लिहिले गेले हे त्या कागदाला ठाऊक नाही.

यातून एक भेद स्पष्ट होतो. प्रत निराळी आणि दुसरे मूळ निराळे. प्रत आपण प्रत आहोत हे मान्य करते. वाद झाला तर ती मूळ वहीकडे बोट दाखवते. १९१७ च्या धर्मसंहितेत धर्मग्रामाच्या वह्यांची प्रत दर वर्षाअखेर महागुरुस्वामींच्या कार्यालयाकडे पाठवावी असा नियम होता. आग लागली, वाळवी लागली तर आधार असावा म्हणून. ती द्विरुक्ती दोष नव्हे, ती दूरदृष्टी आहे. दोष तिथे असतो जिथे दोन्ही वह्या स्वतःला मूळ समजतात, दोन्हींत स्वतंत्रपणे लिहिले जाते, आणि एकीला दुसरीची खबर नसते. डीबगरच्या दोन भागांतील कप्पे असेच होते.

तरीही सर्व काही एकत्र करावे, असा निष्कर्ष कोणी घाईने काढू नये. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या सिरियाकडील लेखकाने चारही शुभवर्तमाने एकत्र गुंफून एकच सलग चरित्र तयार केले. ‘दियातेस्सरोन’ हे त्याचे नाव. द्विरुक्ती गेली, विसंगती गेली, वाचणाऱ्याची सोय झाली. सिरियाक भाषेच्या ख्रिस्तमंडळांत ते कित्येक पिढ्या उपासनेत वाचले जात होते. पाचव्या शतकात महागुरू थिओडोरेत यांनी आपल्या प्रांतातून त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा केल्या आणि त्यांच्या जागी चार शुभवर्तमाने दिली. ख्रिस्तसभेने चार साक्षीदार चारच ठेवले. मत्तयाची वंशावळ लूकच्या वंशावळीशी जुळत नाही, हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. पण साक्ष आणि हिशेब या दोन वस्तू आहेत. हिशेबात दोन आकडे निघाले तर एक चुकीचा असतो. साक्षीत दोन आवाज निघाले तर प्रसंग भरीव होतो. चौघांना एका तोंडाने बोलायला लावले की चौघेही मुके होतात.

आपल्या मराठी भाषेपुरते बोलायचे तर फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ घ्या. १६१६ साली रायतूरला ते छापले गेले, पुढे त्याच शतकात आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. घरोघरच्या भाविकांनी हाताने उतरून घेतलेल्या पोथ्या मात्र राहिल्या, आणि त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळुरात ते पुन्हा छापले गेले. त्या पोथ्यांत पाठभेद आहेत, लेखनिकांच्या चुका आहेत. पण त्या गबाळ्या द्विरुक्तीनेच ग्रंथ वाचवला.

एकत्र करण्याला दुसराही एक आक्षेप आहे आणि तो ॲरिस्टॉटलपासून चालत आला आहे: जी वस्तू पुष्कळांची, तिची काळजी सर्वांत कमी घेतली जाते. मराठवाड्यातील सामाईक विहीर ज्याने पाहिली आहे त्याला हे पटेल. सातबाऱ्यावर तीन भावांची नावे, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. पण गाळ काढायचा कोणी, मोटर जळली तर पैसे कोणाचे? एक दिवस थोरला आपल्या वाट्यात बोअर घेतो. मग मधला घेतो. मग धाकटा कर्ज काढून घेतो. तीन बोअर एकाच भूजलातून पाणी ओढतात, आणि काही उन्हाळ्यांनंतर विहीरही कोरडी आणि बोअरही कोरडे. बाहेरच्याला हा मूर्खपणा वाटतो. आम्ही तसे म्हणणार नाही. अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांची भांडणे विकोपाला गेली तेव्हा त्या कुलपतीनेच वेगळे होण्याची गोष्ट काढली आणि निवड पुतण्याला दिली. वेगळी चूल ही पुष्कळदा शांततेची किंमत असते. जीडीबीच्या दोन भागांत तोच मजकूर दोनदा लिहिला गेला त्यातही असाच काही समंजसपणा असणार: एकाने आपल्यापुरते लिहिले की दुसऱ्याला विचारावे लागत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी या आक्षेपाला जे उत्तर दिले ते आम्हांस आजही सर्वांत समतोल वाटते. वस्तूची देखभाल व व्यवस्था एकेकाकडे असणे योग्य आहे, असे ते म्हणतात. कारण आपले म्हणून माणूस काळजी घेतो, गोंधळ टळतो, आणि कलह कमी होतात. पण वस्तूचा उपभोग मात्र सामाईक मानला पाहिजे, म्हणजे गरजवंताला तो सहज मिळाला पाहिजे. मालक एक, लाभ सर्वांचा. स्नानसंस्काराची वही एका धर्मग्रामाच्या ताब्यात असते, पण तिचा उपयोग जगातील कोणत्याही धर्मग्रामाला होतो. सामाईक विहिरीला पाळ्या होत्या, पाणक्या नव्हता.

राहिला एक मुद्दा, आणि तो दुबळ्यांचा आहे. जीडीबीचा थोरला भाग मोठ्या यंत्रावर ऐसपैस बसलेला असतो. धाकट्याला तुटपुंज्या यंत्रावर भागवावे लागते. दोघांचे सामाईक करताना थोरल्याच्या सवयींचा सारा पसारा सामाईक विभागात ओतला, तर धाकट्याचे यंत्र त्या भाराखाली बसेल. म्हणून सामाईक करताना लहानाला काय झेपते ते आधी विचारावे लागते. परमगुरुस्वामी पायस अकरावे यांनी १९३१ च्या परिपत्रकात लहान समूहाला जे स्वतः करता येते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये असे बजावले, त्याचा रोख हाच होता.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे रेशन पूर्वी गावच्या दुकानातच अडकून राही. माणसे सांगलीला, धान्य पाटोद्याला. २०१९ पासून ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही योजना सुरू झाली आणि नोंद एक, वाचता येईल सर्वत्र, अशी सोय झाली. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती नोंद बोटाच्या ठशाने उघडते, आणि कोयत्याने, पाचटाने, उसाच्या कुसळांनी घासलेली बोटे यंत्राला पुष्कळदा ओळखू येत नाहीत. गावचा दुकानदार लबाड असेल, पण त्याला चेहरा ओळखता येत होता. ज्यांची बोटे मऊ आहेत त्यांनी यंत्र ठरवले. ज्यांची घासलेली आहेत त्यांना कोणी विचारले नाही.

राज्य शासनाने २०२१ साली ऊसतोड कामगारांची गावोगाव ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे देण्याचे ठरवले. अशा नोंदीत उद्या उचलीचा आकडाही यावा, तो कामगाराला वाचता यावा आणि मुकादमाला एकट्याने बदलता येऊ नये, ही मागणी रास्त आहे आणि आपल्या श्रद्धावंतांनी ती करावी असे आम्हांस वाटते. औरंगाबाद धर्मप्रांतातील कोयत्यांवर जाणाऱ्या कुटुंबांत आपली माणसेही आहेत. तोवर त्या मुलीच्या वहीचे मागचे पान आहेच. त्यावर रोजची खेप, रोजचे टन आणि खाडे तारखेसह उतरवावेत, आणि शक्य झाले तर दर आठवड्याला मुकादमाला ते पान दाखवून त्याखाली त्याची सही घ्यावी. सही द्यायला तो का कू करील. पण चैत्रात हिशेबाला बसताना वीस आठवड्यांपैकी पाच सह्या असल्या तरी बोलण्याला जागा होते.